काचेतल्या समुद्राचा फोटो कसा वाचावा?

रायपूरहून बोलतोय. आजचा विषय आहे घरातला खाऱ्या पाण्याचा टँक, त्यातली कोरल म्हणजे प्रवाळ, आणि हौशी माणसं एकमेकांना पाठवतात ते त्यांचे फोटो.

असे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. गडद निळं पाणी, त्यात हिरव्या, केशरी, जांभळ्या रंगात चमकणारी फुलं, आणि मधून डोकावणारा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा. पाहणाऱ्याच्या तोंडून दोनच वाक्यं निघतात. पहिलं, "अरे वा!" आणि दुसरं, "हे आपल्या घरी जमेल का?" अडचण सुरू होते ती या दुसऱ्या वाक्यापासून. फोटोवर भाळून टँक घेणारा माणूस पहिल्या महिन्यातच कितीतरी जीव गमावतो, पैसा घालवतो, आणि आपल्या देशात तर नकळत वन्यजीव कायद्याखालचा गुन्हाही करून बसतो. म्हणून टँक कसा लावायचा हे मी आज सांगणार नाही. आधी फोटो वाचायला शिकू. त्यासाठी पाच प्रश्न आहेत, ते एकेक करून घेऊ.

माझ्याकडे साधारण दोनशे लिटरचा टँक आहे. त्यात क्लाउनफिशची एक जोडी आणि काही मऊ कोरल. विशाखापट्टणमला जा नाहीतर पुरीला, रायपूरहून समुद्र रस्त्यानं पाचशे किलोमीटरांहून लांब. त्यामुळे समुद्राचा थेंबन् थेंब घरी बनवावा लागतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण समुद्रापासून लांब राहणाऱ्याला फोटोच्या मागे काय काय असतं ते लवकर कळतं.

पहिला प्रश्न: उजेड कोणता होता?

फोटोत सगळ्यात आधी रंग दिसतात, आणि सगळ्यात जास्त फसवतात तेही रंगच.

समुद्रात खाली जाल तसा लाल रंग पाणी आधी शोषून घेतं. दहा मीटरवर तो जवळपास संपलेला असतो, निळा मात्र खोलवर पोहोचतो. कोरलच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. हे शैवाल निळ्या उजेडावर छान काम करतं, म्हणून रीफ टँकचे दिवे निळसर असतात. दिव्यावर १४,००० किंवा २०,००० केल्विन असा आकडा दिसला, तर दिवा निळ्याकडे झुकलेला आहे असं समजा. दुपारचं ऊन साधारण ५,५०० केल्विनचं असतं.

आता गंमत पाहा. कोरलमध्ये काही प्रथिनं अशी असतात की ती निळा उजेड शोषतात आणि हिरवा, केशरी किंवा लाल उजेड बाहेर टाकतात. कोरलचं ते झगमगणं खरंच असतं, कोणी रंग फासलेला नसतो. या प्रथिनांची गोष्ट मोठी आहे. पहिलं हिरवं प्रथिन ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशमधून वेगळं केलं, आणि पुढे २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना मिळालं. लाल प्रथिन सापडलं ते १९९९ मध्ये, डिस्कोसोमा नावाच्या मऊ कोरलमध्ये. रशियन शास्त्रज्ञांनी त्या कामासाठी जे जीव तपासले, त्यातले काही मॉस्कोतल्या एका हौशी माणसाच्या टँकमधून आले होते. मॉस्कोही समुद्रापासून दूरच! आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींच्या आत काय चाललंय ते पाहायला ही प्रथिनं वापरतात.

पण फोटोत जे दिसतं तेच दिवसाच्या पांढऱ्या उजेडात दिसेल, असं समजू नका. तेच कोरल पांढऱ्या दिव्याखाली तपकिरी, फिकट हिरवं किंवा साधं राखाडी दिसू शकतं. विकणारे सगळे पांढरे दिवे बंद करतात, फक्त निळे ठेवतात, कॅमेऱ्यापुढे केशरी फिल्टर धरतात, आणि अंधारात निखारे पेटल्यासारखं चित्र तयार होतं.

ओळखायचं कसं? वाळूकडे बघा. टँकची वाळू मुळात पांढरी असते. फोटोत ती जांभळी-निळी दिसत असेल, तर उजेड निळा होता. मागचं सगळं काळं आणि कोरल तेवढी पेटलेली दिसत असतील, तर फिल्टर आहे किंवा नंतर रंग वाढवलेत. विकणाऱ्याला सरळ सांगा, "दादा, पांढऱ्या दिव्यात एक फोटो पाठवा." टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते समजा.

आणखी एक गोष्ट. चमक म्हणजे तब्येत, असंही नाही. पाणी तापलं की कोरल आतलं शैवाल गमावतं आणि पांढरं पडतं. याला ब्लीचिंग म्हणतात. पण काही कोरल पांढरी पडण्याऐवजी भडक गुलाबी, निळी, पिवळी होतात. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये याचा खुलासा केला. शैवाल कमी झालं की आत उजेड जास्त खेळतो, आणि त्या उजेडापासून बचाव म्हणून कोरल रंगद्रव्य वाढवतं. म्हणजे कधीकधी फोटोतला सगळ्यात देखणा जीव हा संकटात सापडलेला जीव असतो.

दुसरा प्रश्न: चित्रात कोण आहे?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे जरा थांबतो.

कोरल म्हणजे वनस्पती नव्हे, दगडही नव्हे. तो प्राणी आहे. एक छोटी पिशवी, वर तोंड, तोंडाभोवती हातांसारखे तंतू. याला पॉलिप म्हणतात. असे शेकडो, हजारो पॉलिप एकत्र राहतात. काही जाती खाली चुन्याचा सांगाडा बांधतात, ती कठीण कोरल. समुद्रातल्या प्रवाळभिंती मुख्यतः यांनीच उभ्या केल्या. काही जाती असा सांगाडा बांधत नाहीत, ती मऊ कोरल.

हा फरक भारतात कायद्याचाही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ मध्ये त्याच्या पहिल्या अनुसूचीत समुद्रातले अनेक जीव घातले गेले: सगळी रीफ बांधणारी कठीण कोरल, काळं कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल, समुद्रपंखे, तसंच समुद्रघोडे. पहिली अनुसूची म्हणजे वाघाची अनुसूची. तिच्यातला जीव पकडणं, बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेची. २०२२ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, अनुसूच्यांची मांडणी बदलली, पण कठीण कोरलची जागा बदलली नाही. शिवाय जगातली सगळी कठीण कोरल 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात, त्यामुळे परदेशातून आणायची तरी परवान्याचे कागद लागतात. "इम्पोर्टेड आहे, काही होत नाही" हे दुकानातलं वाक्य म्हणजे कागद नव्हे.

कायदा किती कडक आहे याचं एक उदाहरण देतो. मुंबईचा कोस्टल रोड बांधताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर कोरलच्या छोट्या वसाहती आढळल्या. १८ वसाहती. एवढा मोठा प्रकल्प, मुंबई महापालिकेसारखी संस्था, पण त्या १८ वसाहती हलवायला वन विभागाची रीतसर परवानगी घ्यावी लागली. २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या उचलून दुसरीकडे बसवल्या. महापालिकेला जे परवानगीशिवाय हलवता आलं नाही, ते आपण कुरिअरनं मागवून दिवाणखान्यात ठेवायचं आणि वर त्याचा फोटोही सगळ्यांना पाठवायचा?

नवख्या माणसाची गफलत कुठे होते ते सांगतो. भिलाईच्या एका मुलानं मला फोटो पाठवला. "काका, हे मऊ कोरल घेऊ का? अगदी गवतासारखं हलतं." फोटोत लांब, लुसलुशीत, टोकाला पिवळे ठिपके असलेले तंतू होते. मी म्हटलं, "बेटा, हे टॉर्च कोरल. वरून लुसलुशीत, पण बुडाशी चुन्याचा सांगाडा. हे कठीण कोरल आहे." त्याचा विश्वासच बसेना. टॉर्च, हॅमर, गोनिओपोरा, मेंदूसारखं दिसणारं ब्रेन कोरल, ही सगळी दिवसा फुगलेली असतात, सांगाडा झाकून टाकतात. फोटोत मऊ दिसतं म्हणून ते मऊ कोरल ठरत नाही. नाव विचारा, शास्त्रीय नाव विचारा, आणि ते अनुसूचीशी ताडून पाहा.

मग हौशी माणसानं ठेवायचं काय? डिस्कोसोमासारखी मशरूम कोरल, बटणांसारखी झोअँथस, चामड्यासारखी सिन्युलेरिया आणि सार्कोफायटन, लयीत उघडझाप करणारी झेनिया. दिसायला सुंदर, वाढायला सोपी. फक्त एक इशारा. झोअँथस आणि तिची बहीण पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावा. ती चिकटलेला दगड गरम पाण्यानं कधीही धुऊ नका, उकळू तर मुळीच नका, कारण वाफेतूनही विषबाधा होते. हे कुठल्याच सुंदर फोटोत लिहिलेलं नसतं.

जाता जाता घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. पूजेच्या सामानाच्या दुकानात 'इंद्रजाल' नावाची काळी, जाळीदार 'वनस्पती' मिळते. लोक ती फ्रेम करून दाराशी लावतात, दृष्ट लागू नये म्हणून. ती वनस्पती नाही. तो वाळवलेला समुद्रपंखा किंवा काळं कोरल असतं, म्हणजे पहिल्या अनुसूचीतला प्राणी. समुद्रापासून एवढ्या दूर राहूनही आपल्या भिंतीवर समुद्र असा टांगलेला असतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

तिसरा प्रश्न: फोटोत न दिसणारं काय आहे?

फोटोत काच दिसते. काचेखालचं कपाट दिसत नाही. टँकचा जीव त्या कपाटात असतो.

सुरुवात पाण्यापासून. रायपूरला नळाचं पाणी खारून नदीचं, आणि बऱ्याच घरांत बोअरचं. आमच्या पायाखाली चुनखडक आहे. छत्तीसगडमध्ये सिमेंटचे एवढे कारखाने आहेत ते त्याच्याच जोरावर. हा चुनखडक समुद्रात साचलेला, वय शंभर कोटी वर्षांच्या आसपास. त्यात स्ट्रोमॅटोलाइट सापडतात, म्हणजे कोरलचा जन्मही झाला नव्हता तेव्हा सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवून बांधलेले चुन्याचे उंचवटे. राज्याच्या उत्तरेला मनेंद्रगडजवळ हसदेवच्या पात्रात सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्री जीवांचे जीवाश्म आहेत. ते ठिकाण १९८२ मध्ये राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर झालं. तेव्हा "रायपूरला कसला समुद्र?" असं कोणी विचारलं तर सांगा, समुद्र येऊन गेलाय.

पण चुनखडकातलं जड पाणी कोरलला थेट चालत नाही. कोरलला कॅल्शियम हवं असतं हे खरं, पण बोअरच्या पाण्याबरोबर नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेटही येऊ शकतात, आणि त्यावर नको ते शेवाळ माजतं. म्हणून आधी आरओ, मग डीआय रेझिन, आणि टीडीएस शून्य करून घ्यायचा. स्वयंपाकघरातल्या आरओवर भागत नाही, कारण पिण्याच्या पाण्यात काही क्षार मुद्दाम ठेवलेले असतात.

मग मीठ. स्वयंपाकाचं नव्हे, समुद्राचे क्षार योग्य प्रमाणात असलेलं खास मीठ. समुद्राची क्षारता लिटरला साधारण ३५ ग्रॅम. दोनशे लिटरला सात किलो मीठ. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं तर वीस लिटर पाणी आणि सातशे ग्रॅम मीठ, दर आठवड्याला, सण असो की लग्न.

त्यानंतर तापमान. टँकला हवं २५-२६ अंश. मे महिन्यात रायपूर ४३-४४ अंशांवर असतं. खोलीला एसी किंवा टँकला चिलर, दुसरा इलाज नाही. कोरड्या उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं, आणि मीठ उडत नाही, त्यामुळे उरलेलं पाणी खारट होत जातं. म्हणून रोज गोड्या, शुद्ध पाण्याची भर घालायची. इथे कोणी खारं पाणी ओतलं तर खारटपणा आणखी चढतो. वळवाच्या वादळात वीज गेली की वेव्हमेकर थांबतो आणि पाण्यातला ऑक्सिजन उतरू लागतो. म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी ठेवायचा. महागड्या दिव्याआधी तो घ्या.

कठीण कोरलच्या टँकमध्ये क्षारीयता ८-९ डीकेएच, कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम १,३०० च्या आसपास, हे सगळं सतत मोजून भरत राहावं लागतं, कारण कोरल सांगाडा बांधताना ते खर्च करतं. मऊ कोरलचा बराचसा खर्च नियमित पाणीबदलातच भागतो. म्हणजे कायद्यानं जे टाळायला सांगितलंय, तेच घरी सांभाळायला जास्त अवघड आहे. नवख्यासाठी हा योग चांगलाच म्हणायचा!

चौथा प्रश्न: टँकचं वय काय?

नवा टँक पाण्यानं भरला म्हणजे तयार झाला असं नाही. माशांची विष्ठा आणि उरलेलं अन्न यांतून अमोनिया होतो, आणि तो विषारी असतो. दगडांवर आणि वाळूत जिवाणू वसले की ते अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. ही वसाहत उभी राहायला चार-सहा आठवडे लागतात. त्याआधी जीव टाकले तर ते मरतात. पण पहिल्या आठवड्यात सगळं टाकून काढलेला फोटो दिसतो छानच! मासा दुसऱ्या दिवशी मेला, हे फोटो सांगत नाही.

तरी फोटोतून वय बरंचसं कळतं. चार खुणा सांगतो. पहिली, दगडांचा रंग. कोरे, पांढरेशुभ्र दगड म्हणजे टँक नवा. जांभळा-गुलाबी कडक थर चढला असेल, तर ते कोरलाइन शैवाल, आणि ते पसरायला महिने लागतात. दुसरी, कोरलचं बूड. विकताना कोरलचा तुकडा छोट्या गोल चकतीवर चिकटवलेला असतो. ती चकती स्वच्छ दिसत असेल, तर जीव नुकताच आला आहे. कोरल चकतीवरून उतरून दगडावर पसरलं असेल, तर ते तिथे रुळलं आहे. तिसरी, माशाचं पोट. खपाटीला गेलेलं पोट म्हणजे उपासमार. मँडरिन माशाचे फोटो फार फिरतात, कारण तो रंगांची रांगोळीच असतो. पण तो दिवसभर बारीक कोपेपॉड टिपत फिरणारा मासा. नव्या टँकमध्ये कोपेपॉड नसतात, आणि तो भरल्या घरात उपाशी मरतो. चौथी खूण, माशाचा आकार आणि टँकचा आकार. निळा टँग लहानपणी दोन बोटांएवढा असतो, मोठेपणी फूटभर होऊ शकतो. फोटो आजचा असतो, मासा उद्याही जगायचा असतो.

पाचवा प्रश्न: हा जीव आला कुठून?

फोटोमुळे समुद्राचं नुकसान होतं, हे आजचं नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांनी 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक काढलं, त्यात समुद्री जिवांची त्यांनी स्वतः काढलेली रंगीत चित्रं होती. पुस्तक तुफान गाजलं. घरोघरी काचेची भांडी आली, आणि लोक किनाऱ्यावरच्या खडकांमधली डबकी उपसू लागले. त्यांचे चिरंजीव एडमंड गॉस यांनी १९०७ मध्ये आठवणी लिहिल्या, तेव्हा वडिलांच्या प्रेमळ पुस्तकांमुळेच ती डबकी ओसाड झाली, ही हळहळ नोंदवून ठेवली. त्या माणसाला समुद्राचं खरं प्रेम होतं. चित्रं अस्सल होती. फक्त चित्र पाहिल्यावर लोक काय करतील, हे चित्राच्या हातात नव्हतं.

आजचा धोका त्याच जातीचा. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून खडकांत लपलेले मासे गुंगवून पकडायला सायनाइड फवारत आले. मासा हाती येतो, मागचं कोरल मरतं, आणि तो मासाही पुष्कळदा काही आठवड्यांत दगावतो. आपल्याकडे लक्षद्वीपची कोरल १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये तापलेल्या समुद्रामुळे ब्लीच झाली. आधीच जखमी असलेल्या घरातून आपण दागिना म्हणून जीव उचलायचे का?

चांगली बाजूही आहे. क्लाउनफिश टँकमध्ये प्रजनन करतो. ही मंडळी आधी सगळी नर असतात, गटातला सगळ्यात मोठा मासा मादी होतो. म्हणून दोन पिल्लं एकत्र वाढवली की जोडी आपोआप जमते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं क्लाउनफिशची पिल्लं हॅचरीत वाढवण्याचं तंत्र बसवलं. महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठाननं ऐरोलीला शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी उभी केली. निळा टँग वर्षानुवर्षं फक्त समुद्रातूनच यायचा. २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांनी त्याचीही पिल्लं टँकमध्ये वाढवून दाखवली. मऊ कोरलचं तर सोपंच. एका हौशी माणसाच्या टँकमध्ये वाढलेल्या कोरलचा तुकडा दुसऱ्याला देता येतो, आपण जास्वंदीची फांदी देतो तसा. माझी झेनिया नागपूरच्या एका मित्राच्या टँकमधून आली. तिचा उगम मला माहीत आहे, म्हणून तिचा फोटो मी कोणालाही निःशंकपणे दाखवतो.

आता आपण फोटो कसा काढावा?

तंत्र थोडक्यात. काच आतून-बाहेरून पुसा. वेव्हमेकर दहा मिनिटं बंद करा आणि नंतर आठवणीनं सुरू करा. खोलीतले दिवे मालवा. फ्लॅश नको, तो काचेवर उमटतो आणि मासे बुजतात. मोबाइल काचेला अगदी समांतर धरा, तिरका धरला की चित्र फाटतं. प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स सगळ्यात वरच्या केल्विनला न्या, निळा उतरतो. आणि दर महिन्याला त्याच जागेवरून, पांढऱ्या उजेडात एक फोटो काढा. तो फारसा देखणा नसेल, पण वर्षभरानं तेच बारा फोटो तुम्हाला आणि दुसऱ्यांना सगळ्यात जास्त शिकवतील.

फोटोखाली चार ओळी लिहा: जिवाचं नाव, कुठून आणि कधी आणला, टँकचं वय, उजेड कोणता. गेलेल्या जिवाचीही नोंद ठेवा. "तीन महिने जगला, उन्हाळ्यात पाणी २९ अंशांवर गेलं" ही एक ओळ दुसऱ्याच्या घरचा मासा वाचवते.

अशा ओळींची ताकद पाहायची असेल तर मुंबईकडे बघा. प्रदीप पाताडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' सुरू केलं. ओहोटीला लोकांना घेऊन किनाऱ्यावर जायचं, खडकांवरचे जीव पाहायचे, हात न लावता फोटो काढायचे, आणि तारीख-ठिकाणासह आयनॅचरलिस्टवर नोंदवायचे. गिरगाव, हाजी अली, वांद्रे या किनाऱ्यांवर काही जगत असेल असं कोणाला वाटत नव्हतं. सामान्य माणसांच्या फोटोंनी तिथली झोअँथस, गोगलगाई, खेकडे, समुद्रफुलं कागदावर आणली. कॅमेरा तोच, हौस तीच. फोटोला तारीख आणि ठिकाण मिळालं की त्याची नोंद होते, आणि नोंद शहराच्या कामी येते. फक्त दुर्मीळ जिवाचं नेमकं ठिकाण जाहीर करू नका, नाहीतर आपलाच फोटो उपसणाऱ्यांचा नकाशा होईल.

तर मंडळी, पुन्हा एकदा पाच प्रश्न. उजेड कोणता? जीव कोणता? मागे काय चाललंय? टँकचं वय काय? आणि जीव आला कुठून? यातला फक्त एकच लक्षात राहणार असेल, तर शेवटचा ठेवा. पुढच्या वेळी कोणी चमचमता फोटो पाठवला, की "कितीला मिळालं?" याच्या आधी "कुठून आलं?" हे विचारा. उत्तर नसेल तर घेऊ नका, आणि तो फोटो पुढेही पाठवू नका.

पुढच्या भागात मऊ कोरलचा छोटा टँक पहिल्या दिवसापासून कसा उभा करायचा ते पाहू. आठवड्याचा खर्च आणि वेळेचा हिशेब मांडूनच बोलू. तोवर नमस्कार.